शस्त्रक्रियेआधीचा अर्धा तास

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं मोठ्या ऑपरेशननंतरच्या फिजिओथेरपीबद्दल आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर आणि बेळगाव शहर इथल्या वाचकांचे निवडक प्रश्न घेऊन आमच्या फिजिओथेरपिस्ट सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत. टाके, औषधं आणि वजन उचलण्याची मुदत याबाबत तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा समजावा.

आमच्या आबांना ६८ वर्षं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे, तीन आठवड्यांनी बेळगावात पोट उघडून ऑपरेशन आहे. फिजिओथेरपीवाल्यांनी आधीच बोलावलंय. अजून काही झालंच नाही तर शिकवणार काय? तेवढ्यासाठी जायचं म्हणजे सगळा दिवस मोडतो. आबांना कन्नड समजतं, वाचता येत नाही. – एक वाचक, ता. खानापूर

दिवस मोडला तरी चालेल, पण जा. आणि आबांना घेऊनच जा. तुम्ही ऐकून घरी येऊन त्यांना सांगणं यात तो उपयोग नाही.

या एका भेटीचा फायदा मोजला गेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन सरकारी रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागापर्यंत चीर जाणारं मोठं ऑपरेशन ठरलेल्या ४४१ रुग्णांवर हा अभ्यास झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. माहितीची छापील पुस्तिका सगळ्यांनाच दिली होती. त्यातल्या निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधी समोर बसवून अर्धा तास जास्तीचा दिला: फुप्फुसाला काय होतं ते सांगितलं आणि श्वासाचे व्यायाम करून घेतले. ऑपरेशननंतरच्या दोन आठवड्यांत नुसती पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना न्यूमोनियासारखी छातीची गुंतागुंत झाली, समोर बसवून शिकवलेल्यांत ती १२ टक्क्यांवर आली. ऑपरेशननंतर उठवून चालवण्याचा कार्यक्रम दोन्हीकडे सारखाच होता. यंत्र नाही, औषध नाही. सातेक माणसांशी बोललं की एकाची गुंतागुंत टळते, असा तो हिशोब आहे.

असं का होतं? पूर्ण भूल दिली की जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा खालचा भाग मिटतो. पोटावर मोठी चीर असली की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदाही काही दिवस नीट काम करत नाही. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. मग मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, तिथे कफ साठतो आणि त्यात जंतू वाढतात. ही साखळी ऑपरेशन टेबलावरच सुरू होते. म्हणून तोडायची तर शुद्धीवर आल्यापासूनच तोडावी लागते. त्या वेळी माणूस गुंगीत असतो, दुखत असतं, नवीन काही डोक्यात शिरत नाही. आधी शिकलेलं मात्र आठवतं.

आबांनी काय शिकायचं ते सांगतो. पलंगाची डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर करून किंवा बसून नाकाने सावकाश खोल श्वास घ्यायचा. खांदे वर जाता कामा नयेत. बरगड्यांच्या खालच्या भागावर तळहात ठेवले तर ते बाहेर ढकलले गेलेले कळले पाहिजेत. श्वास भरला की ३ ते ५ सेकंद धरायचा आणि तोंडाने हळू सोडायचा. असे १० श्वास, थोडं थांबून आणखी १०, आणि शेवटी तीन वेळा खोकायचं. जागेपणी दर तासाला एकदा, स्वतःचं स्वतः नीट हिंडूफिरू लागेपर्यंत. सलग दामटून श्वास घेतले तर हातातोंडाला मुंग्या येतात, चक्कर येते. तसं झालं तर मध्ये साधे श्वास घ्यावेत.

खोकताना घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी चिरेवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची, गुडघे वाकवायचे. टाके तुटतील या भीतीने लोक खोकत नाहीत. नीट आधार देऊन खोकल्याने टाके तुटत नाहीत. उलट दाबून ठेवलेला कफच पुढे दिवसभर ढास आणतो. आणि खोकता येत नाही इतकं दुखत असेल तर ते सोसायचं नाही, नर्सला सांगून वेदनाशामक घ्यायचं, त्याचा असर झाल्यावर व्यायाम करायचा. ‘सोसतो मी’ म्हणणारा रुग्णच न्यूमोनियाच्या वाटेला लागतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

उठण्याची रीतही आधीच घरच्या खाटेवर करून बघा. गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवायची, पाय खाटेबाहेर सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने व हाताने रेटून बसायचं. उताणं असताना सरळ उठलं की सगळा ताण चिरेवर येतो. रुग्णालयात उठल्यावर दोन मिनिटं पाय लोंबकळत ठेवून बसायचं, चक्कर नसेल तरच उभं राहायचं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी धरायची. वर उचलली की लघवी उलटी जाते.

आता हाताशी असलेले तीन आठवडे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवर अनेक देशांत मिळून झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनांचा आहार, मानसिक आधार आणि धूम्रपान सोडवणं, असा तो कार्यक्रम होता. गंभीर गुंतागुंत सुमारे ३० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. आबांसाठी त्याचं घरगुती रूप असं: रोज अर्धा तास चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, १० वेळा, दिवसातून तीनदा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. रक्त कमी असेल तर ते भरायलाही वेळ लागतो, म्हणून हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या.

खाण्यात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पावलिटर दुधात ८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७-८, तेवढ्याच वजनाच्या कोरड्या डाळीत ७ ग्रॅमच्या आसपास. भाकरी-आमटीवर हा आकडा गाठत नाही, मुद्दाम मोजून वाढावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी विचारा.

राहिली भाषा. पुस्तिका दोन्ही गटांना होती, तरी फरक समोर बसून सांगण्याने पडला. मग आबांना वाचताच न येणाऱ्या कागदावर भिस्त ठेवून कसं चालेल? तिथे स्पष्ट सांगा की आम्हाला मराठीत समजावा. बेळगावात मराठी बोलणारं कुणी ना कुणी वॉर्डात असतंच. सूचना मोबाईलवर आवाजात नोंदवून घ्या. निघण्याआधी आबांनाच म्हणा, ‘आबा, आता तुम्ही करून दाखवा बघू.’ दहा श्वास, तीन खोकले आणि कुशीवरून उठणं एवढं त्यांनी न अडखळता दाखवलं की भेट पूर्ण झाली.

माझ्या भावाला तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलंय. तिसरी गोळी काही केल्या वर जात नाही. तो बिडी ओढतो, त्यामुळे असेल का? – निपाणी

तिसरी गोळी वर नेणं हे ध्येयच नाही. त्या गोळ्या साधारण सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० घनसेंटिमीटर वेगाने हवा ओढली की वर जातात. म्हणजे यंत्र वेग मोजतं, आणि फुप्फुस उघडायला हवा असतो सावकाश, लांब श्वास. झटका मारून तिसरी गोळी उडवण्यापेक्षा पहिली किंवा दुसरी गोळी तीन सेकंद वर तरंगत ठेवणं जास्त कामाचं. नेहमीची दुसरी चूक म्हणजे नळीत फुंकणं, ओढायचं असतं. यंत्र सरळ उभं धरावं, ओठ घट्ट मिटावेत, तोंडात धरायचा भाग रोज धुवावा आणि दुसऱ्याला देऊ नये.

पोटाच्या ऑपरेशननंतर या यंत्राने गुंतागुंत कमी होते असं एकत्रित अभ्यासांत दिसलेलं नाही. डोळ्यांसमोर राहून आठवण देतं, एवढा उपयोग धरा. ते नसलं तर वर सांगितलेले श्वास पुरतात. स्प्रिंगचा अडथळा असलेलं श्वासाच्या स्नायूंचं यंत्र वेगळं. नेदरलँड्समध्ये बायपास ठरलेल्या २७९ जणांवरच्या २००६ सालच्या अभ्यासात ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे रोज २० मिनिटं ते वापरल्यावर न्यूमोनिया १६ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आला. त्याचा अडथळा किती ठेवायचा हे मोजून ठरवावं लागतं, मनाने नाही.

बिडी आजच सोडू द्या. ऑपरेशनला चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर उत्तम, पण कमी दिवस आहेत म्हणून ओढत राहणं चूक. मशेरीही बंद करा आणि दोन वेळा ब्रशने दात घासा, रुग्णालयातसुद्धा. तोंडातले जंतूच खाली फुप्फुसात उतरतात.

सासऱ्यांची बायपास होऊन तीन आठवडे झाले. सासूबाई त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, हात वर करू देत नाहीत. आता त्यांचे खांदे धरलेत. छातीचं हाड कधी जुळतं? – एक सून, चिकोडी

छातीचं मधलं हाड तारांनी बांधलेलं असतं. ते जुळून यायला ६ ते ८ आठवडे, पुरतं पक्कं व्हायला १२ आठवड्यांच्या आसपास लागतात. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान आणि सततचा खोकला असेल तर जास्त. सासूबाईंची काळजी खोटी नाही. पण हात अजिबात न हलवण्याने हाड लवकर जुळत नाही, खांदे मात्र आखडतात.

मेलबर्नमध्ये ७२ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला नेहमीची कडक बंधनं दिली, दुसऱ्याला दुखण्याच्या आत राहून हात वापरायला सांगितलं, फक्त दंड अंगालगत ठेवून. दोन्ही गटांची सुधारणा सारखीच राहिली. कारण सोपं आहे: कोपर बरगड्यांना चिकटलेलं असताना हाडावर येणारी ओढ कमी असते, हात लांब पसरून तेवढंच वजन धरलं की ती कितीतरी वाढते. तेव्हा तांब्या, ताट, अंगावरचा शर्ट हे सगळं अंगालगत धरून चालेल. दोन्ही हात एकदम वर नेणं, दुखेल तिथे थांबून, दिवसातून तीनदा दहा वेळा करावं. खांदे गोल फिरवावेत. भरलेली कळशी, गॅसचं सिलिंडर, जड दार ओढणं, खाटेचा कठडा धरून स्वतःला वर खेचणं आणि मोटारसायकल चालवणं हे सर्जनने परवानगी देईपर्यंत नाही. मागे बसून खड्ड्यांतून जाणंही टाळा. उठताना उशी छातीशी मिठीत धरावी आणि मांड्यांच्या जोरावर उठावं.

चालणं घरी आल्यावर ५ मिनिटांपासून, दिवसातून चार वेळा. रोज एक-दोन मिनिटं वाढवत ४ ते ६ आठवड्यांत सलग ३० मिनिटांपर्यंत न्यावं. धाप लागून वाक्य पुरं करता येत नसेल तर वेग जास्त झाला. छातीत दाब, घाम, धडधड किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. बायपाससाठी ज्या पायाची शीर काढली तो सुजतो. बसताना पाय स्टुलावर ठेवावा.

हाड हलताना कट्कट आवाज जाणवला, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आईचा गुडघा बदलला. घरात यायला पायरी, परसात जुनं शौचालय, आणि पाऊस. गुडघ्याखाली उशी ठेवली की तिला बरं वाटतं. पाय आपोआप हलवणारं मशीन भाड्याने आणू का? – येळ्ळूर

उशी आधी काढा. हा सल्ला आईंना आवडणार नाही, तरी. गुडघ्याखाली उशी ठेवल्यावर सांधा थोडा वाकून राहतो, म्हणून बरं वाटतं. पण दोन-तीन आठवडे तसाच राहिला की मागचा भाग आखडतो आणि गुडघा पुन्हा सरळ होत नाही. मग कायमचं लंगडणं. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा हवेत मोकळा सोडा, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मागून ताण येईल, तो यायलाच हवा.

मशीनवर पैसे घालवू नका. बऱ्याच अभ्यासांचा मिळून हिशोब केला तेव्हा त्याने गुडघा वाकण्यात जेमतेम २ अंशांची भर पडल्याचं दिसलं. खरी उणीव दुसरीकडे आहे: ऑपरेशननंतर एका महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून खाली जाते. सुजेमुळे मेंदूकडून स्नायूला पूर्ण आदेशच पोचत नाही. मशीन पाय हलवतं तेव्हा तो स्नायू झोपलेलाच असतो. त्याला आईंनीच जागं करायचं: गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, ५ सेकंद, १० वेळा, दर दोन तासांनी. मग गुडघा न वाकवता पाय वीतभर उचलणं. मग खुर्चीवरून उठ-बस. दुबळाच राहिला तर विजेच्या सौम्य झटक्यांचं यंत्र फिजिओथेरपिस्ट सुरुवातीच्या आठवड्यांत वापरतात. त्याला आधार आहे.

वाकण्याचं माप: दोन आठवड्यांत ९० अंश, तीन महिन्यांत ११० ते १२०. व्यायामानंतर कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं बर्फ. संध्याकाळी सूज सकाळपेक्षा खूप वाढली तर दुसऱ्या दिवशी चालणं कमी करा, सरळ करण्याचा व्यायाम सोडू नका.

वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. उंच असला की खांदे दुखतात, बुटका असला की माणूस वाकून चालतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढे काठी घ्याल ती विरुद्ध हातात. ऑपरेशनच्या आधीच करून ठेवायचं काम म्हणजे कमोडची खुर्ची आणि परसापर्यंतचा रस्ता. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून वॉकर नेणं म्हणजे पडणं ओढवून घेणं. तेवढे आठवडे खुर्ची खोलीतच असू द्या. पाटावर किंवा जमिनीवर मांडी घालून बसणं नाही.

दर दोन दिवसांनी बेळगावला जाणं परवडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर व्यायाम तपासून घेता येतात. अमेरिकेत गुडघा बदललेल्यांवरच्या, २०२० सालच्या एका अभ्यासात घरी पडद्यावरून दिलेली फिजिओथेरपी नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. फोन बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. समोरून अंश दिसत नाहीत.

पोटरी दुखते म्हणून मालीश करणाऱ्याला बोलावू का? ऑपरेशनला दहा दिवस झालेत. – बेळगाव, शहापूर

नाही. एकाच पायाची पोटरी दुखणं, सुजणं, गरम लागणं म्हणजे शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेततं. तेल नाही, शेक नाही. आजच डॉक्टरांना दाखवून डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह बघणारी तपासणी करा. अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर थेट तातडीच्या विभागात.

वडिलांना रुग्णालयात विद्यार्थिनीने विचारलं, ‘काका, माझ्या अभ्यासात भाग घ्याल का?’ सहा मिनिटं चालवणार म्हणे. प्रयोगाला माणूस द्यायचा का? – बेळगाव

बेळगावात फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण आहे आणि त्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन करावं लागतं. वर आम्ही दिलेले सगळे आकडे असंच कुणीतरी ‘हो’ म्हटल्यामुळे मिळाले आहेत. भाग घ्यावा असंच आमचं मत आहे, पण विचारून.

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आहे का? चाचणी सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत आहे का? ही नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक मागून घ्या. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत आहे का? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते सहभागी माणसाला समजणाऱ्या भाषेत असलंच पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा असतो. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचारात फरक पडत नाही. अभ्यासात दोन गट असतील तर कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठी ठरवते. पण दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत, ते कोणते हे विचारा.

सहा मिनिटांची चाचणी म्हणजे ३० मीटरच्या सपाट वाटेवर येरझाऱ्या घालून किती अंतर कापलं ते मोजणं. थांबून दम खाता येतो. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला माणूस साधारण जास्तच चालतो, कारण अंदाज येतो. म्हणून दोनदा घेऊन चांगला आकडा धरतात. दर मिनिटाला म्हणायची वाक्यंही ठरलेली असतात, कारण ‘छान, चालू ठेवा’ ऐवजी ‘जोरात, आणखी जोरात’ म्हटलं की अंतर वाढतं. त्यामुळे विद्यार्थिनींना आमचं सांगणं: ती वाक्यं मराठीत आधी लिहून ठेवा. वेदनेची आणि रोजच्या कामांची प्रश्नावली कन्नड किंवा इंग्रजी कागदावरून तोंडी मराठी करत विचारू नका. रोज वेगळे शब्द पडले की दोन आठवड्यांनी उत्तर बदललं ते गुडघा सुधारला म्हणून की प्रश्न बदलला म्हणून, हे सांगता येणार नाही. मराठीत तपासून प्रमाणित केलेली प्रश्नावली उपलब्ध असेल तर तीच घ्यावी.

काकांनी ज्या दिवशी चालायचं आहे त्या दिवशी हलकं खाऊन, नेहमीची औषधं घेऊन आणि रोजची चप्पल किंवा बूट घालून जावं. दोन तास आधी दमवणारं काम करू नये.